असईचा उतार आणि येणारा खेळ

मधल्या सुटींत मुलांचे घोळके जमले म्हणजे त्यांच्या बोलण्याचा विषय ओळखणें शिक्षकास फारसें कठीण जात नाहीं. परीक्षा जवळ आली असेल तर प्रश्नपत्रिका, पाऊस लांबला असेल तर कापूस, आणि एरव्हीं क्रिकेट. परंतु आठवी-नववीच्या वर्गांत अलीकडे एक निराळाच वाद रंगलेला आमच्या कानीं आला. डिसेंबर २०२५ मध्यें क्रिएटिव्ह असेंब्ली या इंग्रज कंपनीनें 'टोटल वॉर' या मालेंतील 'मिडीव्हल ३' नांवाच्या नव्या युद्धखेळाची घोषणा केली. खेळ अद्याप पूर्वतयारींतच आहे असें कंपनीनें त्याच वेळीं सांगून टाकिलें होतें. तरी त्यांत कोणते नवे नियम येतील याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांचे तर्क धडाक्यानें चालू झाले. एक म्हणे, किल्ल्याचा एकेक बुरूज निराळा पाडतां येईल. दुसरा म्हणे, घोडदळ खऱ्या घोड्याप्रमाणें दमेल. तिसऱ्याचें म्हणणें असें कीं, राजाचे पुत्र आपसांत भांडतील व राज्य फुटेल. शेवटीं ही मंडळी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही इतिहास शिकवितां, कोणता नियम नवा असावा तें तुम्हीच सांगा."

योगायोग असा कीं, त्याच आठवड्यांत एका विद्यार्थ्याचे वडील भेटावयास आले. मुलगा रात्रीं उशिरापर्यंत संगणकापुढें बसून लढाया लढतो, यामुळें ते त्रासले होते. "गुरुजी, या खेळांतून पोराच्या पदरांत काय पडणार?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मुलांचा प्रश्न आणि वडिलांचा प्रश्न हे वरवर पाहतां दोन दिसतात. आमच्या मतें त्यांचें उत्तर एकच आहे. खेळ जें मोजतो तेंच मुलें शिकतात. म्हणून येणाऱ्या खेळांत काय मोजिलें जावें, हा विचार केवळ मुलांच्या मौजेचा नाहीं, तो घराचा व शाळेचाही आहे.

लढाईचा खेळ ही कांहीं आजची टूम नव्हे. बुद्धिबळाचा मूळ खेळ चतुरंग हा आपल्याच देशांतला. त्यांत हत्ती, घोडा, रथ, प्यादें सर्व आहे. परंतु दोन्ही खेळाडूंस सारा पट सारखाच दिसतो. खऱ्या रणांगणावर असें कधींच नसतें. ही उणीव ओळखून प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ मध्यें नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ सिद्ध केला. त्यांत एक पंच असे. ज्या पक्षाच्या शिपायांस जेवढें दिसूं शकेल तेवढेंच तो त्या पक्षास सांगे, आणि दैवाचा भाग फांशांवर सोडलेला असे. हुकूम चिठ्ठीवर लिहून द्यावा लागे, व तो पोंचण्यास लागणारा वेळही हिशेबांत धरला जाई. संगणकावरील आजचे खेळ हे या नकाशाचेच वंशज होत. 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्यें आला, 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७ मध्यें. आणि २००९ सालच्या 'एम्पायर: टोटल वॉर' या खेळांत तर मराठ्यांचें राज्य घेऊन खेळण्याची सोय होती. आपल्या पूर्वजांचें निशाण पडद्यावर पाहून मुलांस हर्ष व्हावा हें स्वाभाविकच आहे. परंतु निशाण आलें म्हणजे इतिहास आला, असें मात्र नाहीं.

'मिडीव्हल' या शब्दाचा अर्थ मध्ययुगीन. या मालेंतील मागचा मध्ययुगीन खेळ युरोप व त्याच्या आसपासच्या मुलुखाचा होता. नव्या खेळांत दक्षिण हिंदुस्थानचें नांव येईलच असें कोणी धरून चालूं नये. तथापि मध्ययुगीन लढाईचा एक धडा आमच्या शेजारींच उभा आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी अकस्मात् देवगिरीवर चालून आला. रामदेवराव यादवाची बहुतेक फौज त्या वेळीं राजपुत्राबरोबर दूर गेलेली होती. राजा किल्ल्यांत शिरला. किल्ला तर असा कीं, आजही त्याचा ताशीव कडा पाहून पाहणाऱ्याची मान दुखावी. परंतु इतिहासग्रंथांत अशी हकीकत सांगितली आहे कीं, घाईघाईनें आंत नेलेलीं पोतीं धान्याचीं समजलीं गेलीं आणि उघडून पाहतां त्यांत मीठ निघालें. बुरूज शाबूत होते, अन्न मात्र नव्हतें. ज्या खेळांत बुरुजाची जाडी मोजिली जाते पण पोत्यांत काय आहे हें मोजिलें जात नाहीं, त्या खेळांत रामदेवराव कां शरण गेला हें मुलास कधींच उमगणार नाहीं.

आतां देवगिरी सोडून आपण आपल्याच जिल्ह्यांत येऊं. जालना जिल्ह्याच्या उत्तरेस केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर असई हें गांव आहे. जगांतील युद्धशास्त्राच्या ग्रंथांत आपल्या जिल्ह्यांतील दुसऱ्या कोणत्याही गांवाचें नांव इतक्या वेळां आलें नसेल. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशीं येथें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एका बाजूस आणि आर्थर वेलस्लीची कंपनी सरकारची फौज दुसऱ्या बाजूस अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला व त्यानें १८१५ मध्यें वॉटर्लू येथें नेपोलियनास हरविलें. तरीही आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असें उतारवयांत विचारलें असतां त्यानें असईचेंच नांव घेतलें, असें त्याच्या चरित्रांत नमूद आहे.

आंकड्यांचा हिशेब पाहिला तर ही लढाई वेलस्लीनें हरावयाची होती. त्याच्यापाशीं सुमारें ९,५०० माणसें व थोड्याच तोफा होत्या. समोर दहा हजारांहून अधिक कवाइती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि शिवाय हजारों घोडेस्वार. दोनच दिवसांपूर्वीं बदनापूर येथें कर्नल स्टीव्हन्सनशीं त्याचें ठरलें होतें कीं, दोघांनीं निरनिराळ्या वाटांनीं जाऊन २४ तारखेस मिळून हल्ला करावा. परंतु २३ तारखेसच शत्रू अपेक्षेपेक्षां फार जवळ आढळला, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहतां लढण्याचें त्यानें ठरविलें.

मग तो जिंकला कसा? येथेंच आम्हीं मुलांस आमचा पहिला नियम सांगितला. केळणेच्या पलीकडे शिंद्यांची फौज होती व समोरचा उतार तोफांच्या माऱ्यांत होता. वाटाडे म्हणाले, दुसरा उतार नाहीं. वेलस्लीनें दुर्बीण लावली. तेव्हां नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें त्यास दिसलीं. त्यानें मनाशीं तर्क केला कीं, दोन गांवें अशीं समोरासमोर वसलीं आहेत त्या अर्थीं मधून येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे. तर्क खरा निघाला. फौज तेथून पार झाली व शत्रूच्या बगलेवर आली. आमच्या खेड्यांतील कोणतेंही पोर हें सांगूं शकलें असतें; कारण पलीकडच्या गांवीं मामाचें घर असतें, बाजार असतो, आणि बैलगाडी कोठून उतरते हें त्यास ठाऊक असतें. परंतु पुष्कळ खेळांत उतार नकाशावर आधींच रंगवून दिलेला असतो. तो शोधावयाचा नसतो, ओळखावयाचा नसतो, कोणास विचारावयाचा नसतो. येणाऱ्या खेळांत नकाशा अपुरा असावा, आणि भूमि वाचणाऱ्यास व तेथील लोकांशीं नीट बोलणाऱ्यासच तो पुरा व्हावा, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम हुकुमाचा. खेळांत बोट ठेवलें कीं पलटण निघते, व बोट उचलतांच थांबते. असईस तसें झालें नाहीं. नदी उतरल्यावर शिंद्यांच्या कवाइती पायदळानें, ज्याचा सेनानी पोलमन नांवाचा एक हॅनोव्हरचा जर्मन होता, इतक्या शिस्तीनें व त्वरेनें आपली सारी रांग फिरविली कीं वेलस्ली चकित झाला. इकडे त्याच्या स्वतःच्या उजव्या अंगाच्या तुकडीनें हुकुमाचा अर्थ चुकीचा घेतला. ती असई गांवाकडे, म्हणजे तोफांच्या तोंडींच, सरळ चालत गेली. तिच्यामागें ७४ वी पलटण गेली, आणि दोघींचा जवळजवळ नाश झाला. धुरानें भरलेल्या रणांत एक वाक्य चुकीचें समजलें म्हणजे शेंकडों घरें उजाड होतात. ज्या खेळांत हुकूम उशिरां पोंचेल, अर्धवट पोंचेल, कधीं उलटाच समजला जाईल, तो खेळ मुलांस नेमकें बोलण्याची व नेमकें ऐकण्याची किंमत शिकवील. व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनीं याचा अवश्य विचार करावा.

तिसरा नियम पगाराचा आणि निष्ठेचा. शिंद्यांचें कवाइती लष्कर बहुतांशीं युरोपियन अधिकाऱ्यांनीं घडविलेलें होतें. १८०३ च्या ऑगस्टांत कंपनीच्या गव्हर्नर-जनरलनें जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरींतील इंग्रज अधिकाऱ्यांस चाकरी सोडण्यास सांगितलें, आणि पुष्कळांनीं ती सोडली. लढाईचा शंख फुंकला जाण्यापूर्वींच फौजेचे कणे असे काढून घेतले गेले. परंतु गोलंदाजांची गोष्ट पाहा. अधिकारी गेले तरी ते तोफांपाशींच उभे राहिले. संगिनी अंगावर येईपर्यंत ते हटले नाहींत; कित्येक मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज रांग पुढें जातांच उठून त्याच तोफा त्यांनीं मागून डागल्या. त्यांची नांवें कोठें लिहिलेलीं नाहींत. पुष्कळ खेळांत शिपायाचा पगार खजिन्यांतून आपोआप वजा होतो व शिपाई आपोआप लढतो. एक जण पगार चोख असतां कां जातो, आणि दुसरा सारें बुडत असतां कां राहतो, हा प्रश्नच त्यांत उठत नाहीं. तो उठावा.

येथें एका मुलानें आम्हांस मध्येंच अडविलें. "सर, खेळांत आपण ही लढाई जिंकूं शकूं ना?" आम्हीं त्यास उलट विचारलें, "आपण म्हणजे कोण?" तो गोंधळला. वेलस्लीच्या फौजेंत गोरे शिपाई थोडे होते. बहुतेक शिपाई मद्रासकडील हिंदी होते, आणि त्याच्या बाजूच्या घोडेस्वारांत म्हैसूरचे तसेच मराठेही होते. शिंद्यांच्या पलटणींत उत्तर हिंदुस्थानांतील माणसें भरलेलीं, आणि त्यांचा सेनानी जर्मन. पडद्यावर एक बाजू तांबडी व दुसरी भगवी रंगविली म्हणजे मुलास वाटतें कीं एक देश दुसऱ्या देशाशीं लढला. त्या दिवशीं केळणेच्या कांठीं तसें घडलें नाहीं. आमच्या मतें या जातीच्या खेळांतील सर्वांत मोठें असत्य तें हेंच. तोफेचा पल्ला चुकला तर फारसें बिघडत नाहीं. परंतु माणसें जन्मतःच दोन रंगांचीं असतात असें लहान वयांत मनावर ठसलें, तर तें वर्गांतल्या बांकांवर व गांवच्या पारावर पुढें फार वर्षें टिकून राहतें. म्हणून सैन्यांतील प्रत्येक तुकडी कोठची, कोणाची, कोणत्या आशेनें आलेली, हें खेळणाऱ्यास दिसावें.

राहिला चौथा नियम. दिवस मावळला तेव्हां वेलस्लीच्या हातीं ९८ तोफा लागल्या होत्या, आणि त्याचीं सुमारें १,६०० माणसें मृत, जखमी वा बेपत्ता झालेलीं होतीं. शिंद्यांच्या बाजूचे आंकडे अंदाजाचेच आहेत, पण ते याहून पुष्कळ मोठे होते. खेळ येथें संपतो व पडद्यावर 'विजय' हा शब्द येतो. असई गांव मात्र तेथेंच राहिलें. सप्टेंबर म्हणजे बाजरी-ज्वारी कणसांत येण्याचे दिवस. त्या शिवारांत हजारों घोडे, बैल, हत्ती आणि माणसें किती दिवस चरलीं असतील, याचा विचार शेतकऱ्याच्या मुलानें करावा. फौजांना धान्य पुरविणारे तांडे लमाणांचे. शेंकडों बैलांवर गोण्या लादून ते एका छावणीकडून दुसरीकडे जात. ज्याच्याकडे तांडे वळले त्याची फौज जेवली. पण गोण्यांतलें धान्य शेवटीं कोणाच्या तरी पेवांतलेंच. १८०३-०४ मध्यें दख्खनेंत मोठा दुष्काळ पडला. पावसानें दगा दिला हें खरेंच, परंतु फौजांच्या ये-जा व लूट यांनीं आधींच पेवें रिकामीं केलेलीं होतीं. दुष्काळ म्हणजे काय, हें आमच्या जिल्ह्यास शब्दकोश उघडून पाहावें लागत नाहीं. १९७२ चा आजोबांनीं सोसला, २०१२-१३ चा या मुलांच्या आईबापांनीं पाहिला. जो खेळ लढाई जिंकणाऱ्यास पुढल्या वर्षीं त्याच मुलुखांतील ओस पडलेलीं गांवें दाखवील, आणि त्या गांवांतून सारा मिळेनासा होईल, तोच खेळ इतिहासाशीं प्रामाणिक राहील.

यावर हुशार मुलें हरकत घेतात कीं, इतकें सारें घातलें तर खेळ राहील कोठें? तो हिशेबाची वही होईल. ही हरकत अगदींच टाकाऊ नाहीं. दिवसभर शाळा करून आलेल्या मुलास करमणूक हवी, आणि तो त्याचा हक्क आहे. परंतु अडचणींनीं खेळ मरत नाहीं. सोप्या विजयानें मरतो. शिवाय खेळ रचणारेही या दिशेनें वळूं लागलेले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्यें निघालेल्या 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ५' या खेळांत मुलुखाची लोकसंख्या माणसें धरून मोजिली आहे. शेतकऱ्यांस फौजेंत ओढलें आणि ते मेले, तर तेवढीं माणसें लोकसंख्येंतून खरोखरच वजा होतात. म्हणजे नांगराचे हात कमी झाल्याचें खेळणाऱ्यास कळतें. जें एका खेळांत साधलें तें दुसऱ्यांत कां साधूं नये? आमचा तर्क असा कीं, पुढल्या कांहीं वर्षांत नव्या नियमांची चढाओढ तोफांच्या आवाजांत न होतां याच गोष्टींत होईल. निदान ती व्हावी अशी आमची इच्छा आहे.

आतां पालकांस दोन शब्द. रात्रीं उशिरापर्यंत खेळणें वाईटच. त्याला वेळेची मर्यादा घालावी, आणि ती घालतांना आईबापांनीं स्वतःचा मोबाइलही बाजूस ठेवावा. परंतु सरसकट बंदी हा उपाय आम्हांस पटत नाहीं. बंदी घातलेला खेळ मुलगा मित्राच्या घरीं खेळतो, आणि मग त्याविषयीं त्याच्याशीं बोलण्याची वाटच बंद होते. त्यापेक्षां एखादे संध्याकाळीं त्याच्याजवळ बसून विचारावें: तुझ्या फौजेला दाणागोटा कोठून येतो? ही नदी तूं कशी उतरलास? तूं जाळलेल्या गांवाचें पुढें काय झालें? उत्तर देतां आलें तर मुलगा शिकतो आहे असें समजावें. उत्तर देतां आलें नाहीं, तर तेंच आपण त्यास सांगावें. शेती ज्याच्या हाडींमासीं आहे तो बाप या विषयांत कोणत्याही कंपनीहून अधिक जाणतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, परदेशांतील मंडळी नियम घडवीपर्यंत तुम्हीं वाट कां पाहावी? राइस्विट्झपाशीं संगणक नव्हता. एक मोठा कागद घ्या. त्यावर केळणा आणि जुई काढा, गांवें मांडा. दोन पक्ष दोन खोल्यांत बसवा, मध्यें एक पंच नेमा, हुकूम चिठ्ठ्यांवर लिहा. उतार कोठें आहे हें फक्त पंचास व गांवकऱ्यांस ठाऊक असूं द्या. आणि गांवकऱ्यांचें सोंग घेणारे दोन-तीन विद्यार्थी अवश्य ठेवा, म्हणजे त्यांना विचारल्यावांचून कोणाचेंच पाऊल पुढें पडणार नाहीं. पुढल्या स्नेहसंमेलनांत हा खेळ मांडण्यास आमची सर्व प्रकारें मदत राहील.

ही सूचना आम्हीं वर्गांत केली तेव्हां नियमांसाठीं कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. बहुतेकांनीं तोफा, घोडे, बुरूज यांविषयींच लिहिलें. मागल्या बांकावरील एका मुलीनें मात्र एकच ओळ लिहून दिली: खेळ संपल्यावर आधीं गांवांत किती पोतीं उरलीं तें मोजावें, आणि मगच कोण जिंकलें तें ठरवावें. ती चिठ्ठी आम्हीं जपून ठेविली आहे. आमच्या खेळाचा पहिला नियम तोच राहील.